चोपन्न वर्षांचे नामिहेई

रविवार, रात्री

इसोनो नामिहेई ५४ वर्षांचे आहेत. १९६९ साली ‘साझाए-सान’ ही जपानी कार्टून मालिका टीव्हीवर सुरू झाली तेव्हाही ५४ चेच होते आणि आज संध्याकाळी मुलगा कात्सुओ याच्यावर ‘बाकामोन!’, म्हणजे ‘मूर्खा!’, म्हणून कडाडले तेव्हाही ५४ चेच. त्यांना पहिल्या दिवसापासून आवाज देणारे इचिरो नागाई मात्र तेव्हा ३८ वर्षांचे होते. टक्कल पडलेल्या, डोक्यावर एकच केस उरलेल्या, कचेरीतून दमून येऊन युकाता, म्हणजे घरगुती सुती किमोनो, चढवणाऱ्या बापाचा आवाज काढायचा म्हणजे त्यांना घशात सोळा वर्षं वाढवून घ्यावी लागत होती. १९८५ मध्ये ते स्वतः ५४ चे झाले. तिथून पुढे गाडी उलटी. आता वय लपवायचं! २०१४ च्या जानेवारीत कामानिमित्त हिरोशिमाला गेले असताना तिथल्या हॉटेलात ते गेले, तेव्हा ८२ वर्षांचे होते. ८२ वर्षांचा माणूस शेवटपर्यंत ५४ वर्षांच्या माणसाचा राग काढत होता, आणि तो राग कुणालाही म्हातारा वाटला नाही.

हे गणित सुचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसले.

फुजी टीव्हीवर दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला ही मालिका लागते, ५ ऑक्टोबर १९६९ पासून. अर्ध्या तासात तीन छोट्या गोष्टी. शेवटी साझाए पडद्यातून बघणाऱ्यांशी जानकेन खेळते, म्हणजे दगड-कात्री-कागद. ती जिंकते किंवा आपण जिंकतो आणि सोमवार अंगावर येतो. जपानमध्ये त्या उदासीला तिचंच नाव पडलंय, साझाए-सान सिंड्रोम. टोक्योत निशी-कासाईच्या आमच्या इमारतीतही साडेसहाला भिंतीपलीकडून ती धून येते.

तीन पिढ्यांचं एक घर. नामिहेई आणि फुने, त्यांची थोरली मुलगी साझाए, तिचा नवरा मासुओ, धाकटी भावंडं कात्सुओ आणि वाकामे, साझाएचा तीन वर्षांचा ताराओ आणि तामा मांजर. कात्सुओ म्हणजे ११ वर्षांचा मामा! सगळ्यांची नावं समुद्रातून आलेली. मांजराच्या आवाजापुढे श्रेयनामावलीत नाव नसतं, नुसतं प्रश्नचिन्ह असतं. इतक्या वर्षांत ते प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नागाईंच्या जागी चाफूरिन आले. मी इथे आले त्यानंतर, त्यामुळे दर रविवारी ऐकलेले नामिहेई माझ्यासाठी त्यांचेच. नागाई मी जुन्या भागांतून ऐकले. दोघांचा ‘बाकामोन’ लागोपाठ ऐकला तर फरक कळतो. नागाईंचा पोटातून येतो, पहिल्या ‘बा’वर सगळा जोर. चाफूरिन तो जोर थोडा पुढे ढकलतात. पण ओरडून झाल्यावर पोराला आपण जास्तच बोललो की काय, अशी जी बारीक माघार नागाई घ्यायचे, ती चाफूरिननी जशीच्या तशी उचलली आहे. माझ्या मते नामिहेई त्या माघारीतच आहेत. ओरडणं काय, कुणीही ओरडेल.

मंगळवार

ऑफिसला जाता-येता ‘साझाए-सान’ची मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, वाचतेय. चार चौकटींची पट्टी, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रोज छापून यायची. माचिको हासेगावा यांनी ती २२ एप्रिल १९४६ रोजी फुकुओकाच्या ‘फुकुनिची’ या सायंदैनिकात सुरू केली. तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. मोमोची किनाऱ्याजवळ राहायच्या, तिथे फिरताना ही सगळी माणसं सुचली, म्हणून ती समुद्रातली नावं. काही महिन्यांत टोक्योला परत जायचं ठरलं तेव्हा साझाएचं लग्न लावून त्यांनी पट्टी बंद केली. मुलगी उजवली, गोष्ट संपली. पण वाचकांनी ती संपू दिली नाही. पुढे ती ‘असाही’ या दैनिकात गेली आणि १९७४ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. सहा हजारांहून जास्त पट्ट्या!

मासुओ सासुरवाडीला का राहतो, हे टीव्ही बघून कधीच कळत नाही. त्याचं आडनाव फुगुता, बायकोचं आणि मुलाचंही फुगुता, म्हणजे रूढ अर्थाने घरजावईही नाही. उत्तर कागदावर आहे. लग्नानंतर दोघं भाड्याच्या घरात वेगळे राहत होते. जळण मिळत नव्हतं, तेव्हा मासुओने घरमालकाच्या लाकडी कुंपणाला करवत लावली. घरमालकाने बाहेर काढलं. बोचकं बांधून दोघं आई-वडिलांच्या घरी आले आणि तिथेच राहिले. पडद्यावरचा हा गोड, पडखाऊ जावई सरपणासाठी दुसऱ्याचं कुंपण कापून बेघर झालेला माणूस आहे. चार चौकटींत त्या वेळची अख्खी टंचाई आली आहे, आणि हसू येतं तेही खरंखुरं.

पहिल्या खंडांत हे जागोजाग आहे. रेशनच्या रांगा, काळ्या बाजाराचा तांदूळ, ठिगळं लावलेले कपडे. मग हळूहळू घरात वस्तू यायला लागतात आणि विनोदांचे विषय बदलतात. कागदावर वयं थांबलेली आहेत, काळ थांबलेला नाही. टीव्हीने काळही थांबवला. इसोनोंच्या घरात अजून काळा डायलचा फोन आहे. बाहेर सगळा जपान मोबाइलवर, आणि फुने-सान फोन घ्यायला बोळातून धावत येतात. मला कागदावरची साझाए जास्त धारदार वाटते. ती भांडते, चुकते, अंगावर आलेल्याला शिंगावर घेते. पडद्यावरच्या साझाएचे कोपरे गोल केलेत. तरी रविवारी मी पडद्यासमोर बसते, आणि ते आवाजांसाठी.

कार्टूनच्या आधीही साझाए पडद्यावर होती, हे इथल्या तरुण सहकाऱ्यांनाही ठाऊक नसतं. १९५६ पासून तोहो या चित्रपट कंपनीने चित्रपट काढले, साझाएच्या भूमिकेत गायिका चिएमी एरी. पुढे साठच्या दशकात टीव्ही मालिकेतही त्याच. आणि हासेगावांचीच दुसरी मांगा, खाष्ट म्हातारीची ‘इजिवारू बासान’, तिच्या टीव्ही रूपात म्हातारी झाले युकिओ आओशिमा, म्हणजे चक्क पुरुष, आणि १९९५ साली हेच गृहस्थ टोक्योचे राज्यपाल म्हणून निवडून आले.

शनिवार

टोक्योतल्याच साकुराशिनमाचीला जाऊन आले. हासेगावांचं कला संग्रहालय इथे १९८५ पासून आहे, त्यात बहिणीबरोबर जमवलेली चित्रं. समोरच २०२० मध्ये उघडलेली स्मारक-वास्तू, ती साझाएसाठी. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यालाच साझाए-सानचं नाव, आणि कडेला कुटुंबाचे काशाचे पुतळे. नामिहेईंच्या पुतळ्यावर तो एक केस आहे. पुतळा बसवल्यावर लोकांनी तो उपटून नेला होता आणि दुकानदारांना नवीन बसवावा लागला होता. तो हरवला तर पंचाईतच, कारण नामिहेईंना एक जुळा भाऊ आहे, उमिहेई, आणि दोघांतला फरक एवढाच की उमिहेईला दोन केस आहेत. त्यांचा आवाजही नागाईंचाच असायचा.

काचेखाली मूळ पट्ट्या बघत बराच वेळ उभी होते. छापलेल्या पानावर हासेगावांची रेघ सहज वाटते, जणू एका बैठकीत काढली. मूळ कागदाजवळ वाकलं की कळतं, रेघ कुठेही घाईची नाही. साझाएच्या डोक्यावरचे ते तीन अंबाडे प्रत्येक चौकटीत त्याच वजनाचे. या बाईंनी पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून हेच केलं, ‘नोराकुरो’ या मांगावाल्या सुइहो तागावांच्या हाताखाली शिकून. लग्न केलं नाही, मुलाखतींच्या वाटेला फारशा गेल्या नाहीत, बहिणीबरोबर स्वतःची प्रकाशन संस्था चालवली. २७ मे १९९२ रोजी गेल्या. त्यांच्याच इच्छेनुसार ती बातमी महिनाभर बाहेर फुटू दिली नाही. देशाने नंतर राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. अख्ख्या देशाला एक कुटुंब देऊन स्वतःचं घर असं बंद ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

रविवार

सकाळपासून जुने भाग ऐकत बसलेय. ऐकत म्हणतेय, कारण बराच वेळ डोळे मिटूनच होते. वर्षानुवर्षं हे भाग कुठेच मिळायचे नाहीत. आता १९६९ ते ७१ चे ॲमेझॉनवर आले आहेत. त्या काळात ही मालिका पार धुडगूस होती, सगळे सारखे धावत आणि आपटत असायचे. पहिल्याच भागातल्या एका गोष्टीचं नाव ‘७५ गुणांचा जीनियस!’, आणि त्यातला कात्सुओ तोंड उघडतो तेव्हा आपण दचकतो. तो आवाज डोरेमॉनचा आहे!

नोबुयो ओयामा. सुरुवातीचे काही महिने कात्सुओ त्यांनी केला. डोरेमॉन त्यांच्याकडे आला १९७९ मध्ये. त्याआधी १९७३ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर डोरेमॉन येऊन काही महिन्यांत बंद पडला होता. तेव्हा त्याला आधी कोसेई तोमिता या पुरुषाचा आवाज होता, नंतर मासाको नोझावांचा. पण ओयामांचा तो घोगरा, थोडा दमलेला, मायेचा आवाज लागला आणि प्रश्नच मिटला. खुद्द फुजिको एफ. फुजिओ त्यांना म्हणाले होते की डोरेमॉनचा आवाज असा होता तर, अशी आठवण त्या सांगायच्या. ज्याने पात्र काढलं त्यालाही आवाज ऐकल्यावरच ते कळलं.

आणि इथे मला दोन घरं दिसतात.

साझाएच्या घरात माणसं एकेक करून बदलली. कात्सुओ ओयामांकडून काझुए ताकाहाशींकडे गेला, त्या १९९८ मध्ये आजारी पडल्यावर मिइना तोमिनागांकडे. वाकामे २००५ मध्ये बदलली. २०१४ मध्ये नामिहेई. २०१५ मध्ये फुनेचा आवाज मियोको आसो यांनी सोडला, तेव्हा त्या ८९ वर्षांच्या होत्या. २०१९ मध्ये मासुओचा आवाज सोडला हिरोशी मासुओकांनी. २०२३ मध्ये ताकाको सासुगा गेल्या, पहिल्या भागापासून तीन वर्षांच्या ताराओचा आवाज त्यांचाच होता. अर्ध्या शतकाहून जास्त काळ तीन वर्षांचं राहायचं, ते बोबडेपण आणि वाक्याच्या शेवटचं ते ‘देसु’ लाडाने ओढणं! दर वेळी एक नवा माणूस माइकसमोर उभा राहिला तेव्हा बाकीचे जुने तिथेच होते. नव्या बापाला बायको जुनी मिळाली, आणि ती बायको वर्ष-दीड वर्षाने थांबली तोवर बाप रुळला होता. सूर असा हातोहात पुढे गेला.

डोरेमॉनने उलटं केलं. २००५ च्या एप्रिलमध्ये मुख्य पाचही आवाज एकदम बदलले. ओयामा, नोबिताच्या नोरिको ओहारा, शिझुकाच्या मिचिको नोमुरा, जियानचे काझुया तातेकाबे, सुनिओचे कानेता किमोत्सुकी, २६ वर्षं एकत्र बोललेली पाच माणसं एकाच वेळी थांबली. नोमुराच तिकडे वाकामेही होत्या, म्हणजे एकाच वर्षी त्यांनी दोन्ही मुली सोडल्या. नव्या पाचांना आधार द्यायला जुनं कुणी नव्हतं. वासाबी मिझुतांनी डोरेमॉन हलका केला, तरुण केला, नोबिताचा पालक कमी आणि दोस्त जास्त. सगळे एकदम नवे असल्यामुळे त्यांना ही मोकळीक मिळाली, हे खरंच आहे. तरीही मला विचाराल तर साझाएची रीत माणसांना जास्त शोभते. घरातलं एक माणूस जातं, बाकीचे त्याची जागा धरून ठेवतात, नवीन येणारा हळूहळू त्या जागेत बसतो.

हे मी दुपारी भाचीला फोनवर सांगितलं. तिच्यासाठी डोरेमॉन हिंदी बोलतो, सोनल कौशल यांच्या आवाजात, आणि पुण्यातल्या तिच्या वर्गातल्या सगळ्यांसाठीच तो तसा आहे. ओयामांचा आवाज ऐकवला. म्हणाली, “मावशी, हा तर डोरेमॉनची आजी वाटतो.” मिझुतांचा ऐकवला, तर हा चालेल म्हणाली. ओयामा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या, त्याच्या दोन-अडीच महिने आधी ओहारा. जुन्या पाचांतल्या आता फक्त नोमुरा उरल्या आहेत. हे तिला सांगितलं नाही. तिच्या डोरेमॉनला काहीच झालेलं नाही.

इसोनोंच्या घरात पहिल्या दिवसापासूनच्या आता एकट्या मिदोरी कातो. जन्म १९३९, साझाए २४ वर्षांची. आज साडेसहाला त्या नेहमीसारख्या खणखणीत होत्या. शेवटच्या गोष्टीत तोमिनागांच्या कात्सुओशी त्यांचं भांडण लागलं होतं. दोघींची वाक्यं एकमेकींच्या अंगावर पडत होती, कुणी थांबून कुणाला वाट देत नव्हतं, सख्ख्या बहीण-भावासारखं. कात्सुओचा हा तिसरा आवाज आहे, आणि कातोंनी तिघांशीही असंच भांडून त्याला घरचा करून घेतलंय. जानकेनला मी कागद काढला. साझाएने कात्री.