यंदा अख्खी टर्की

शनिवार, 15 नोव्हेंबर 2025

यंदा अख्खी टर्की आणायची आहे. थँक्सगिव्हिंग म्हणजे टर्की हा मोठा पक्षी अख्खा भाजून खायचा इथला सण, पण इतकी वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या घरात त्या दिवशी चिकन बिर्याणी, फार तर मुलांच्या हट्टापायी टर्कीच्या छातीचा एखादा तुकडा. पण जूनमध्ये लेकीचं लग्न झालं आणि परवा जावई फोनवर सहज म्हणाला, आईबाबा या वेळी तुमच्याकडेच येतील, चालेल ना? चालेल काय, धावेल, म्हटलं. फोन ठेवला आणि पोटात गोळा आला. मुलाकडची माणसं पहिल्यांदाच सणाला जेवायला येणार. पेनसिल्वेनियाची असली म्हणून काय झालं, व्याही ते व्याहीच.

नवरा म्हणाला, "दुकानात जायचं, एक उचलायची. त्यात निवडायचं काय?" या माणसाने जन्मात कधी वांगी निवडून आणलेली नाहीत.

रात्री कागद घेऊन डोकी मोजली. इथला हिशोब हाडासकट माणशी एक ते दीड पौंड. आम्ही दोघं, लेक-जावई, व्याही-विहीणबाई, जावयाची बहीण, तिचा नवरा, त्यांची दोन पोरं. दहा झाले. मुलगा अकरावा, पण त्याने ऑगस्टपासून मांस सोडलंय. बाराव्या सासूबाई, सप्टेंबरात साताऱ्याहून आलेल्या. त्यांना विचारायला गेले तर त्या आधीच कालनिर्णय उघडून बसल्या होत्या.

"सत्तावीसला गुरुवार आहे," म्हणाल्या.

"हो आई, हा सण गुरुवारीच असतो."

"मार्गशीर्षातला पहिला गुरुवार."

मी कागदावरच्या बाराचे मुकाट्याने दहा केले.

रविवार, 16 नोव्हेंबर

आईंना मटण-कोंबडीचं वावडं नाही. उलट साताऱ्याला रविवारी पाट्यावरच्या वाटणाचा रस्सा त्यांच्याच हातचा लागतो. पण मार्गशीर्षातले गुरुवार त्यांनी लग्न झाल्यापासून सोडलेले नाहीत. सकाळी घट, दिवसभर उपास, संध्याकाळी पोथी आणि नैवेद्य. त्या दिवशी घरात अंडंसुद्धा फुटत नाही.

आज चहा पिताना त्यांनी विचारलं, "पण गुरुवारच का?" मग बसून सांगितलं. लिंकनने 1863 मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरवून दिला. पुढे 1939 मध्ये रूझवेल्टने तो आठवडाभर अलीकडे ओढला, कारण त्या वर्षी शेवटचा गुरुवार अगदी तीस तारखेला येत होता आणि नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात म्हणून दुकानदार कुरकुरत होते. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी जुनीच तारीख धरली, म्हणजे एका देशात दोन थँक्सगिव्हिंग. शेवटी 1941 मध्ये कायदाच केला की चौथा गुरुवार.

आईंनी बशीतला चहा संपवला. "दुकानदारांसाठी आठवडा सरकवला. मग लक्ष्मीसाठी एक दिवस सरकवता येत नाही व्हय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, आई, प्लीज, त्यांची फ्लाइटची तिकिटं झालीत. नणंदेची. शिकागोहून.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. आमचं कुलदैवत खंडोबा. एकवीसपासून षड्रात्र बसतंय, सव्वीसला चंपाषष्ठी. त्या सहा दिवसांत घरात सामिष नाही. आणि गोठलेली टर्की फ्रीजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांना एक पूर्ण दिवस लागतो. पंधरा पौंडांची धरली तर गुरुवारसाठी ती रविवारीच बाहेर काढायला हवी. म्हणजे भर षड्रात्रात.

"ताजी मिळत नाही का?" नवऱ्याने पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारला.

मंगळवार, 18 नोव्हेंबर

ताजी मिळते. इथे 'ताजी' शब्दालाही व्याख्या आहे. जी कधीही 26 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे तीन सेल्सियसच्या खाली गेलेली नाही ती ताजी. तासाभराच्या अंतरावर एक फार्म आहे, तिथे फोन केला. बुधवारी घेऊन जा म्हणतात का, एवढंच विचारायचं होतं, म्हणजे चंपाषष्ठीची तळी उचलून झाली की संध्याकाळी जाऊन आणली असती. पलीकडची बाई हसली. त्यांची सगळी टर्की ऑक्टोबरातच बुक झालेली. यंदा बर्ड फ्लूने मिनेसोटाकडचे कळप गेलेत, त्यामुळे लोकांनी आधीच घाई केलीय. तिच्याकडे दोन 'हेरिटेज' जातीच्या उरल्या होत्या, नरगॅन्सेट. जुनी जात, छाती लहान, पायाचं मांस जास्त, चवीला भारी. भाव ऐकून मी "घरी विचारून सांगते" म्हटलं. साड्यांच्या दुकानातून उठताना म्हणतात, त्याच सुरात.

मग दुकान. गोठलेल्या टर्क्यांचा हौद असतो, छातीइतका खोल, त्यात वाकून एकेक उलटीपालटी करायची. हात बधिर होतात. बाजूला एक आजोबा अगदी आंब्याच्या पेटीत हात घालावा तसे खालपर्यंत चाचपत होते. सगळ्या पांढऱ्या, रुंद छातीच्या. ही जात माणसाने छातीसाठी इतकी फुगवली की आता त्यांना नैसर्गिक समागमही जमत नाही, पैदास सगळी कृत्रिम रेतनाने होते. हे वाचल्यापासून त्या रुंद छातीकडे बघवत नाही, पण बघितली.

पिशव्यांवरचा मजकूर वाचत अर्धा तास गेला. एकीवर ठळक अक्षरांत 'हार्मोन दिलेले नाहीत', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, की कायद्याने कोंबड्या-टर्क्यांना हार्मोन देताच येत नाहीत. म्हणजे 'आमच्या दुधात विष नाही' असं लिहिल्यासारखं. दुसरीवर 'आठ टक्क्यांपर्यंत द्रावण'. हे मीठपाणी असतं, मांस कोरडं पडू नये म्हणून टोचलेलं. आमचा साताऱ्याचा गवळीही दुधात पाणी घालायचा, पण निदान ते छापून तर देत नव्हता. पौंडाला 99 सेंट, त्यातले आठ टक्के पाण्याचे. शिवाय अशीला आपण आदल्या रात्री मीठ चोळून ठेवलं तर खारट होते. म्हणून पाणी न टोचलेली शोधत राहिले.

वजन काय घ्यायचं? घरून निघताना ओव्हनमध्ये पुरणाची परात घालून बघितली होती, ती जेमतेम बसली. वीस पौंडी नर त्यात मावणार नाही. आणि जावयाने त्याच्या बाबांचा सल्ला पोचवला होता: मोठा एक आणण्यापेक्षा लहान बरी, छाती वाळायच्या आत मांड्या शिजतात. शेवटी चौदा पौंडांची मादी घेतली. पिशवीला भोक नाही, आत बर्फाचे लालसर खडे नाहीत (तसे असले तर ती मध्ये कधीतरी सुटून पुन्हा गोठलेली असते), पाणी टोचलेलं नाही. एकवीस डॉलर.

गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली. आईंना सांगितलं, गॅरेजमध्ये आहे. त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, "गॅरेज म्हणजे वेशीबाहेरच की." सुटले.

रविवार, 23 नोव्हेंबर

सकाळी टर्की डीप फ्रीजरमधून खाली काढली. परातीत ठेवली, पाणी गळलं तर म्हणून. गॅरेजचं दार उघडं होतं तेवढ्यात आईंनी हाक मारली. ड्राइव्हवेवर आठ-नऊ रानटी टर्क्या, मागच्या झाडीतून आलेल्या. काळपट तपकिरी, उन्हात तांब्यासारख्या चमकणाऱ्या. न्यू जर्सीतून या पार नाहीशा झाल्या होत्या, 1977 मध्ये सरकारने पुन्हा आणून सोडल्या, आता गल्लीत गाड्या अडवतात. आई रोज त्यांना मूठभर तांदूळ टाकतात. एक नर पिसारा फुलवून उभा होता, गळ्याखाली लाल लोंबतं कातडं.

"मोराचा गरीब चुलतभाऊ दिसतोय," आई म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या परातीकडे बघून, "हेच का ते?"

"हेच, पण यांच्यातलं नाही. यांचे शहरातले नातेवाईक."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी तांदूळ जरा लांब टाकले, गॅरेजपासून दूर.

दुपारी मुलाने एक गंमत दाखवली. जहांगीर बादशहापुढे 1612 मध्ये हा पक्षी पहिल्यांदा आला, तो गोव्याहून. मुकर्रब खानाने पोर्तुगीजांकडून आणलेला. बादशहाला इतकं नवल वाटलं की उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. आणि पोर्तुगीज भाषेत टर्कीला म्हणतात 'पेरू'. आईंना हे फार आवडलं. दिवसभर त्या फोनवर साताऱ्याला सांगत होत्या, सुनेने गॅरेजमध्ये चौदा पौंडांचा पेरू ठेवलाय.

बुधवार, 26 नोव्हेंबर, रात्री साडेअकरा

दिवसभराची दमले, पण लिहून ठेवते.

सकाळी चंपाषष्ठी. गॅसवर चार वांगी भाजली, बाजरीच्या भाकऱ्या, कांद्याची पात. पाच जण हवेत म्हणून शेजारच्या घरातल्या दोघांना बोलावून तळी उचलली, "येळकोट येळकोट" झालं, स्मोक अलार्म वाजला. तो वांग्यांमुळे आधीच वाजायच्या बेतात होता.

चारला गॅरेजमध्ये जाऊन बघते तर टर्की वरून मऊ आणि आत हात घातला तर बर्फ. तो फ्रीज गारठ्यात जास्तच गार होतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आता एकच उपाय, थंड पाण्यात बुडवायची, पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. गरम पाणी चालत नाही, बाहेरचं मांस खराब होतं. तळघरात कपडे धुवायचं मोठं सिंक आहे, तिथे बुडवली. नवऱ्याने फोनवर गजर लावला आणि पाच ते नऊ दर अर्ध्या तासाने जिना उतरत राहिला.

आठच्या सुमारास आई जिन्याच्या वरूनच म्हणाल्या, "एवढी सेवा बापाची केली असतीस तर त्यांनी वाडा तुझ्या नावावर केला असता."

नऊला बर्फ सुटला. पोटातून कागदी पुडी काढली: काळीज, कलेजी, पेटा. मान वेगळी, मनगटाएवढी जाड. ही पुडी मी 2003 मध्ये, या घरात यायच्या आधी, पहिल्या खेपेला आतच विसरले होते आणि सगळ्यांनी कागदासकट भाजलेली टर्की वाखाणून खाल्ली होती. तेव्हा आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं.

मसाला लावायचा की नाही यावर खूप घोळ घातला. कांदा-लसूण मसाला डब्यातून काढूनही ठेवला होता. पण ही त्यांच्या घरची चव, त्यांच्या आठवणी. आपण पुरणपोळीत कुणी दालचिनी घातली तर कसं तोंड करू? नुसतं मीठ, मिरी, लोणी. मसाल्याचा डबा परत ठेवला. मान आणि कलेजी-पेटा मात्र बाजूला काढून ठेवले.

गुरुवार, 27 नोव्हेंबर

आईंनी पहाटे वरच्या खोलीत घट मांडला. पाच झाडांच्या डहाळ्या लागतात, इथे नोव्हेंबरात पानं कुठली. आंब्याचे डहाळे इंडियन स्टोअरमधून, तुळस कुंडीतली, बाकी दारातलं जे हिरवं राहिलं होतं ते. दहाला टर्की 325 अंश फॅरनहाइटवर आत गेली. वरून उदबत्तीचा वास, खालून लोण्याचा. आई दार लावून बसल्या.

पाहुणे दोनला आले. व्याह्यांनी स्वतःचा थर्मामीटर खिशातून आणला होता, पेनासारखा. टर्कीबरोबर येतं ते प्लास्टिकचं बटण वर उडेपर्यंत थांबू नका म्हणाले, तोवर छातीचा कापूस होतो. मांडीत टोचून 165 दिसल्यावर बाहेर काढायला लावली, वर अर्धा तास हात लावू दिला नाही. मग त्यांनीच कापली. मी सुरी आपणहून त्यांच्या हातात दिली आणि लेकीने सुटकेचा श्वास टाकलेला मला दिसला.

विहीणबाईंनी रताळ्यांचं केलं होतं, वर मार्शमेलो. शेजारी फॉइलमध्ये चार रताळी नुसती भाजलेली. लेकीने त्यांना सांगितलं होतं म्हणे, की आजी उपाशी असेल आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं. आईंना संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं, पण त्या खाली आल्या, टेबलाच्या टोकाला बसल्या, एक रताळं सोलून तूप-मीठ लावून खाल्लं. उपासाला चालतं. समोर टर्की होती, तिकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

पाहुणे निघताना आईंनी मला पुढे केलं. मी विहीणबाईंना हळदीकुंकू लावलं, हातात फळ दिलं. ओक ट्री रोडवरच्या इंडियन बाजारात त्या दिवशी बरे दिसले म्हणून पेरू आणले होते. मुलगा आणि आई एकमेकांकडे बघून जे हसत सुटले ते विहीणबाईंना कसं समजावून सांगायचं, हा प्रश्न मी जावयावर सोपवला.

शुक्रवार, 28 नोव्हेंबर

चौदा पौंडांपैकी चार तरी उरले. सकाळी हाडं उकळायला टाकली. दुपारी मान आणि कलेजी-पेटा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, लाल तर्री येईपर्यंत. आई ओट्याशी उभ्या राहून मिठाचा अंदाज सांगत होत्या.

जेवायला बसताना नवऱ्याने सवयीने मानेचा तुकडा स्वतःच्या ताटात ओढला. आईंनी त्याच्या हातावर चापट मारली. "विहिणीचा मान विहिणीला दिला. टर्कीची मान माझी."

चोखून चोखून खाल्ली. संध्याकाळी साताऱ्याला फोन लावून बोलत होत्या ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं: "चव कोंबडीसारखीच गं, पण चिवट. दोन शिट्ट्या जास्त लागल्या असत्या."