आधी हिशेबाची वही, मग पोहण्याचा तलाव

शहरापासून दूर, मोकळ्या माळाच्या किंवा डोंगराच्या सान्निध्यात, सामायिक सोयी असलेल्या संकुलात सुटीसाठी एक लहान सदनिका घ्यावी, हा विचार आमच्या घरी बराच काळ चालला आणि अखेर आम्ही ती घेतली. या पाहणीच्या काळात माझे एक मत पक्के होत गेले. अशा ठिकाणी आपण घर घेतो असे वाटत असले, तरी प्रत्यक्षात आपण एका छोट्या संस्थेतला हिस्सा विकत घेत असतो, आणि तीही अशी संस्था, जिचे बहुतेक सभासद वर्षातला बहुतेक काळ गैरहजर असतात. चार भिंतींच्या आतले दोष पैसे खर्च करून दूर करता येतात. भिंतींबाहेरचा कारभार मात्र कोणाही एकट्याला, कितीही पैसे ओतले तरी, सुधारता येत नाही.

ही हौस फार जुनी आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी धाकटा प्लिनी या रोमन गृहस्थाने आपल्या समुद्रकाठच्या घराचे वर्णन एका पत्रात करून ठेवले आहे. हे घर रोमपासून सतरा रोमन मैलांवर, म्हणजे साधारण पंचवीस किलोमीटरवर होते आणि दिवसभराची कामे उरकून तिथे मुक्कामाला जाता येते, याचे त्याला मोठे कौतुक होते. याच पत्रात पुढे तो जवळच्या वस्तीत पैसे देऊन वापरता येणारी तीन स्नानगृहे असल्याचे सांगतो. अचानक येणे झाले किंवा मुक्काम थोडाच असला, तर घरचे स्नानगृह तापवण्याचा खटाटोप करावा लागत नाही, ही त्याला मोठी सोय वाटते. सामायिक सोयींचा इतका नेमका युक्तिवाद मला आजच्या एकाही माहितीपत्रकात सापडला नाही. अंतर असे असावे की जाण्याचा कंटाळा येऊ नये, आणि थोड्या मुक्कामासाठी जे स्वतः सांभाळणे परवडत नाही ते दुसऱ्यांसोबत वाटून घ्यावे, या दोनच गोष्टींवर सुटीच्या घराचे सगळे गणित उभे असते.

अंतराविषयी लांबण लावण्याचे कारण नाही. नकाशावरचे किलोमीटर बाजूला ठेवून सुटीच्या आदल्या संध्याकाळी, सगळे जग रस्त्यावर असताना, प्रत्यक्ष किती वेळ लागतो तेवढे पाहावे. रात्रींचा हिशेब मात्र आधी कागदावर मांडावा. वर्षात तीस रात्री तिथे राहणे झाले, तर घराचा वापर वर्षाच्या जेमतेम आठ टक्के होतो, आणि नोकरी, शाळा, आजारपणे व लग्नकार्ये सांभाळून तीस रात्री काढणे वाटते तितके सोपे नसते. देखभाल शुल्क, कर, विमा, वीज आणि पाण्याचा स्थिर आकार यांची वार्षिक बेरीज करून तिला रात्रींच्या खऱ्या संख्येने भागावे. येणारा आकडा चांगल्या हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा जास्त असेल, तर घर घेऊच नये असे मी म्हणणार नाही. आपण फायद्याचा नव्हे, हौसेचा व्यवहार करत आहोत एवढे मात्र स्वतःशी कबूल करावे. व्यवहारात गुंतवलेल्या रकमेवरचे बुडालेले व्याज या बेरजेत मी मुद्दामच धरलेले नाही, कारण ते धरले की बहुतेकांचा बेत तिथेच मोडतो.

आता सोयींकडे वळतो. जाहिरातीतल्या छायाचित्रात सगळ्यात आधी निळाशार तलाव दिसतो, म्हणून उदाहरणही त्याचेच घेऊ. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटीमीटर खोल अशा मध्यम तलावात सुमारे एक लाख लिटर पाणी असते. हे पाणी पंपाने ओढून गाळणीतून फिरवत राहावे लागते, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ७.२ ते ७.८ या मर्यादेत ठेवावा लागतो, क्लोरीनची मात्रा नियमित तपासावी लागते आणि उन्हावाऱ्याने उडून गेलेल्या पाण्याची भर घालावी लागते. तलावात चार माणसे पोहोत आहेत की एकही नाही, याने या कामात फारसा फरक पडत नाही. चार दिवस पंप बंद ठेवला तर शेवाळ धरते, आणि ते काढण्याचा खर्च वाचवलेल्या विजेपेक्षा अधिक होतो. म्हणजे तलावाचा खर्च वापरावर चालत नाही, तो दिनदर्शिकेवर चालतो. उद्वाहन (लिफ्ट), जनरेटर, बगीचा, पहारा या सगळ्यांचे थोड्याफार फरकाने असेच आहे. बाराही महिने माणसे राहतात त्या वसाहतीत हा खर्च रोजच्या वापरावर पसरतो; सुटीच्या संकुलात तो मोजक्या शनिवार-रविवारांच्या बोडक्यावर बसतो. म्हणून सोयींची यादी जितकी लांब, तितके ते संकुल चांगले, हे समीकरण मला मुळीच मान्य नाही. त्यातल्या त्यात छोटे चित्रपटगृह, बोलिंगची मार्गिका आणि काचेआड ठेवलेली व्यायामयंत्रे पाहिली की मी पुढच्या संकुलाकडे निघत असे.

ज्या सोयीचे छायाचित्र कोणी छापत नाही, ती सांडपाण्याची आहे, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होते. शहरापासून दूर असल्याने अनेक ठिकाणी सार्वजनिक मलवाहिनी नसते आणि संकुलाला स्वतःचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवावा लागतो. त्यातली शुद्धीकरणाची मुख्य कामगिरी जिवाणू करतात आणि त्यांना रोज ठरावीक प्रमाणात खाद्य, म्हणजे सांडपाणी, लागते. सुटीच्या संकुलात सोमवार ते शुक्रवार जवळजवळ शुकशुकाट असतो. जिवाणू उपाशी राहतात, त्यांची संख्या घटते, आणि शनिवारी दुपारी सगळी घरे एकदम भरली की त्या अशक्त यंत्रणेवर अनेक पटींचा भार येऊन आदळतो. सांडपाणी आधी साठवून मग हळूहळू सोडणारी पुरेशा आकाराची समतोल टाकी असेल तर हा धक्का पचतो. नसेल तर रविवारी सकाळी वाऱ्याची दिशा आपल्या नाकाला कळते. त्यामुळे संकुल पाहायला जायचे ते आठवड्याच्या मधल्या रम्य शांततेत नव्हे, तर लांब सुटीच्या दुसऱ्या दिवशी जावे, आणि गच्चीवरून दिसणाऱ्या देखाव्याच्या आधी प्रकल्पाच्या खोलीत डोकावून यावे. तिथला ऑपरेटर पाच मिनिटांत जे सांगतो, ते विक्री कार्यालयात तासभर बसूनही समजत नाही.

माझ्या पत्नीचे आयुष्य लेखापरीक्षणात गेले असल्यामुळे तिची पाहणीची रीत वेगळी होती. ‘‘तुम्ही बाल्कनी पाहा, मी ताळेबंद पाहते,’’ असे म्हणून ती सरळ सोसायटीच्या कार्यालयात जात असे. ती तीन गोष्टी मागायची: मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, सभासदांकडच्या थकबाकीची यादी आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते. यांतली इतिवृत्ते मला सर्वांत बोलकी वाटली. गच्चीच्या गळतीचा विषय सलग तीन सभांत ‘पुढील सभेत विचारार्थ’ ठेवलेला दिसला की पुढची दहा वर्षे कशी जाणार, हे निराळे सांगावे लागत नाही. एका संकुलात तर हिशेब दाखवण्यासच नकार मिळाला, आणि त्या नकारातच आम्हाला हवी ती माहिती मिळाली.

हिशेबात सगळ्यात आधी राखीव निधी पाहायचा असतो. गच्चीचे जलरोधन साधारण दहा-पंधरा वर्षांत आणि उद्वाहन वीस-पंचवीस वर्षांत मोठा खर्च मागते. हे खर्च अनपेक्षित नसतात, केवळ नावडते असतात. नवीन संकुलात बिल्डर पहिली काही वर्षे देखभाल शुल्क मुद्दाम कमी दाखवतो, कारण कमी आकडा विक्रीला मदत करतो. कारभार सभासदांच्या हाती आला की तोच आकडा चढू लागतो, आणि वर्षातून चार वेळा येणारे सभासद साहजिकच विचारतात की आम्ही राहतच नाही, तर एवढे शुल्क का भरायचे. निधी मग कागदावरच राहतो. याची टोकाची किंमत अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या सर्फसाइड या गावी मोजली गेली. समुद्रकाठची, १९८१ मध्ये बांधलेली बारा मजली शॅम्प्लेन टॉवर्स साऊथ ही सदनिकांची इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे अंशतः कोसळली आणि ९८ माणसे दगावली. तलावाच्या डेकवरच्या जलरोधनात गंभीर दोष असून त्याखालच्या काँक्रीटची हानी होत असल्याचे एका अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिले होते. दुरुस्तीच्या खर्चावरून आणि वर्गणीवरून सभासदांत वर्षानुवर्षे वाद चालले होते. इमारत कोसळल्याच्या पुढच्याच वर्षी त्या राज्याने तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींना ठरावीक काळाने संरचनेची तपासणी आणि तिच्यासाठीचा राखीव निधी कायद्याने बंधनकारक केला. कायदा असो वा नसो, ‘निधी किती आहे आणि पुढच्या दहा वर्षांत कोणती कामे येणार आहेत’ हा प्रश्न खरेदीदाराने विचारायलाच हवा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

निधीइतकाच महत्त्वाचा प्रश्न निर्णय कोण घेतो हा आहे. गैरहजर सभासदांच्या सोसायटीत सभेची गणपूर्ती, म्हणजे किमान आवश्यक उपस्थिती, होत नाही, सभा तहकूब होते, आणि हळूहळू सगळा कारभार तिथे कायम राहणाऱ्या दोन-तीन कुटुंबांच्या किंवा व्यवस्थापन कंपनीच्या हातात जातो. ही कुटुंबे बहुधा प्रामाणिकच असतात, पण त्यांच्या आणि सुटीकरांच्या गरजा वेगळ्या असतात: त्यांना शांतता हवी असते, आपल्याला शनिवारी रात्री गरम पाणी हवे असते. ऑनलाइन सभा आणि मुखत्यारपत्रावर मतदान यांची सोय नियमांत आहे का, हे म्हणूनच आधी वाचावे.

पाहुण्यांचा प्रश्नही याच पोटातला. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ सालचा एक नियम असा होता की हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतील, तितक्याच प्रत्येकाने सामायिक कुरणात सोडाव्यात. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंनी सामायिक मालमत्तेच्या व्यवस्थेवर लिहिताना हे उदाहरण दिले. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोन खोल्यांच्या सदनिकेच्या जिवावर वीस पाहुणे तलावावर आणणाऱ्यांसाठी मला यापेक्षा चांगला नियम सुचत नाही. रोजच्या भाड्याने घरे देण्याविषयी सोसायटीचे धोरण काय आहे, हेही स्पष्ट करून घ्यावे. भाड्याने देणे मी वाईट मानत नाही. पण निम्मी घरे भाड्याने जात असतील, तर आपण शेजार घेत नसून हॉटेलच्या मजल्यावर कायमची खोली घेत आहोत.

कागदपत्रांबाबत वकिलाला पर्याय नाही, तरी एक गोष्ट स्वतः वाचावी. तलाव, क्लब हाऊस, आतला रस्ता आणि पाण्याचा उगम हे सगळे सभासदांच्या अविभक्त मालकीत येतात की बिल्डर ते स्वतःकडे ठेवून फक्त वापराचा परवाना देतो? दुसऱ्या प्रकारात क्लबचे शुल्क कधीही वाढू शकते. ‘पुढील टप्प्यात’ येणार असलेल्या सोयी मी तर शून्य धरूनच भाव ठरवला.

घर बंद असतानाच्या त्रासाची कल्पना विकणारा कधी देत नाही. न्हाणीघरातल्या जाळीखाली वाकलेल्या नळीत जे थोडे पाणी अडून राहते, तेच मलवाहिनीचा वास रोखते. काही आठवडे कोणी आले नाही की ते सुकते आणि दार उघडताच स्वागत वासाने होते. निघताना त्यात चमचाभर खाद्यतेल टाकले तर पाणी बराच काळ टिकते. साचलेल्या पाण्याचा याहून गंभीर धोका लिजिओनेला या जिवाणूचा आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांत पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीनंतर त्याची ओळख पटली. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या, न हलणाऱ्या पाण्यात तो वाढतो आणि तुषारांवाटे फुप्फुसात जातो. म्हणून पोचल्यावर खिडक्या उघडाव्यात, सगळे नळ काही मिनिटे वाहू द्यावेत, अंघोळीच्या फवाऱ्याचे (शॉवरचे) तोंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवून तोही वाहू द्यावा, आणि गरम पाण्याची टाकी ६० अंशांपर्यंत तापल्यावरच अंघोळीला जावे. विम्याची पॉलिसीही नीट वाचावी. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामे राहिल्यास चोरी वा पाणीगळतीची भरपाई नाकारणारे कलम अनेक पॉलिसींत असते, आणि सुटीचे घर तर त्याहून अधिक काळ रिकामे असतेच.

आम्ही शेवटी घेतलेल्या संकुलात तलाव लहान आहे, क्लब हाऊस म्हणजे एक मोठी खोली आणि एक व्हरांडा आहे, आणि देखभाल शुल्क शेजारच्या भपकेदार संकुलापेक्षा थोडे जास्तच आहे. ते जास्त का आहे, याचे उत्तर ताळेबंदात राखीव निधीच्या ओळीवर मिळाले. मुलांना ही निवड अजून पटलेली नाही. करारावर सह्या करण्याआधी पत्नीने त्यांच्यासमोर एकच मुद्दा ठेवला: आमच्या पश्चात हे घर दोघांच्या नावावर होईल, तेव्हा शुल्क कोण भरणार, मोठ्या सुट्या कोणाच्या वाट्याला आणि एकाला विकायचे असले तर दुसऱ्याने कोणत्या भावाने घ्यायचे. यावर त्या दोघांनी मिळून एक पानभर मजकूर लिहून दिला आहे. त्यातली सुट्यांची वाटणी अजून ठरायची आहे.