पाणीमीटरचे आकडे टेक्स्ट फाइलमध्ये उतरवताना

नेरुळमधील आमच्या सोसायटीत ४८ सदनिकांना स्वतंत्र पाणीमीटर आहेत आणि खजिनदार या नात्याने त्यांचा मासिक हिशेब माझ्याकडे असतो. मागील आणि चालू नोंदींतील फरक काढून बिलाची रक्कम सांगणारा छोटा प्रोग्रॅम मी पायथन या संगणकभाषेत लिहिला होता. मात्र व्हेरिएबलमधील, म्हणजे प्रोग्रॅममध्ये नाव देऊन ठेवलेली, किंमत प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच मेमरीत राहते, त्यामुळे उत्तरे पडद्यावर पाहून सूचनाफलकाचा तक्ता मला हाताने लिहावा लागे. ते आकडे थेट टेक्स्ट फाइलमध्ये जावेत, एवढेच मला हवे होते.

मागील महिन्याच्या नोंदी मी एका फाइलमध्ये आधीच टंकून ठेवल्या होत्या. नवे आकडे त्यांच्या खाली यावेत म्हणून फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ या आज्ञेला त्या फाइलचे नाव आणि ‘डब्ल्यू’ हा मोड, म्हणजे फाइल कशासाठी उघडायची ते सांगणारे अक्षर, दिला, आणि पुढच्या ओळीत फाइलमध्ये लिहिणाऱ्या ‘राइट’ला पहिल्या सदनिकेचा वापर, म्हणजे १८ ही संख्या दिली. प्रोग्रॅम टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकारची किंमत दिल्याची चूक, दाखवून थांबला. पडद्यावर दाखवणारे ‘प्रिंट’ संख्येचे मजकुरात रूपांतर स्वतःच करते. ‘राइट’ला मात्र टेक्स्ट फाइलसाठी स्ट्रिंगच, म्हणजे अक्षरांचा मजकूरच, लागतो. ही चूक लगेच समजली, परंतु फाइल उघडली तेव्हा ती पूर्ण कोरी दिसली. एक अक्षरही लिहिले गेलेले नसताना जुना मजकूर कसा गेला, हे कळायला मला वेळ लागला. ‘डब्ल्यू’ मोडमध्ये फाइल उघडतानाच रिकामी केली जाते आणि ‘राइट’ची पाळी त्यानंतर येते. वॉचमनच्या वहीत सगळे आकडे होते म्हणून निभावले, तरी ४८ नोंदी पुन्हा टंकताना मला फार वाईट वाटले.

मग ‘एसटीआर’ने संख्येची स्ट्रिंग करून पाहिली, तेव्हा १८, २४ आणि १५ हे तीन आकडे फाइलमध्ये १८२४१५ असे एकमेकांना चिकटून आले, कारण ‘राइट’ आपणहून नवी ओळ सुरू करत नाही. यावर मला सर्वांत सोयीची वाटली ती व्हेरिएबलची किंमत थेट मजकुरात बसवणारी एफ-स्ट्रिंग, जी पायथनमध्ये ३.६ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून आहे. अवतरणचिन्हाच्या आधी एफ लिहायचा, प्रत्येकी वेगळ्या महिरपी कंसांत सदनिका, चालू नोंद, वापर आणि रक्कम ही व्हेरिएबल्स स्वल्पविरामांनी वेगळी करून ठेवायची आणि शेवटी बॅकस्लॅश एन हे नव्या ओळीचे चिन्ह द्यायचे, की एका सदनिकेची एक ओळ तयार होते. फाइल ‘विथ’ने उघडली म्हणजे काम संपताच, किंवा मध्येच एरर आला तरी, ती व्यवस्थित बंद होते.

जुना मजकूर राखण्यासाठी फाइलच्या शेवटी भर घालणारा ‘ए’ मोड घेतला, पण प्रोग्रॅम चुकून दोनदा चालवला आणि फाइलमध्ये ९६ ओळी झाल्या. आमच्यासारख्या हिशेबाला ‘एक्स’ मोडच योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. तो फक्त नवी फाइल तयार करतो आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर एरर देऊन थांबतो. आता प्रत्येक महिन्याची फाइल वेगळी आहे आणि जुनी फाइल या प्रोग्रॅमकडून पुसली जात नाही.

पहिल्या ओळीत मराठी मथळा लिहू लागलो तेव्हा युनिकोड-एनकोड-एरर आला. एनकोडिंग, म्हणजे अक्षरे फाइलमध्ये साठवण्याची पद्धत, न सांगितल्यामुळे माझ्या विंडोज लॅपटॉपवर पायथनने सीपी-१२५२ हे एनकोडिंग वापरले होते आणि त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. ‘ओपन’मध्ये एनकोडिंग म्हणून देवनागरीही साठवू शकणारे यूटीएफ-८ स्पष्ट लिहिले आणि अडचण मिटली. खात्रीसाठी एका नव्या फाइलमध्ये फक्त ‘नेरुळ’ हा शब्द लिहिला. ‘राइट’ने किती अक्षरे लिहिली ते सांगताना ५ हा आकडा परत दिला, कारण एकार आणि उकार तेथे स्वतंत्र मोजले जातात, फाइलचा आकार मात्र १५ बाइट होता, कारण यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात.

पुढच्या महिन्यात मागील नोंदी त्याच फाइलमधून वाचल्या, तेव्हा लिहिलेल्या संख्या स्ट्रिंग म्हणूनच परत आल्या आणि वजाबाकी होईना. प्रत्येक ओळ ‘स्प्लिट’ने स्वल्पविरामांवर तोडून आकड्याला स्ट्रिंगची संख्या करणारे ‘इंट’ लावावे लागले. वॉचमन आपल्या वहीत देवनागरी आकडे लिहितो, म्हणून नव्या नोंदीही मी तशाच टंकून पाहिल्या. ‘इंट’ने त्या तशाच्या तशा संख्या म्हणून स्वीकारल्या. त्या संध्याकाळी तक्ता छापून सूचनाफलकावर लावला आणि त्यातील ४८ ओळी वहीशी एकेक करून ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या.