नाणेघाटाला नाणेघाट का म्हणतात?

नाणेघाटात कुणालाही घेऊन गेलं की वरचा दगडी रांजण बघून हा प्रश्न येतोच, आणि तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

पिढ्यानपिढ्या सांगतात ते असं की कोकणातून माल घेऊन वर येणारे व्यापारी या रांजणात जकातीची नाणी टाकायचे, म्हणून नाणेघाट. मला ही गोष्ट पटण्यासारखी वाटते, कारण शेजारच्याच गुहेत सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोड्यांबरोबर कार्षापणांचे म्हणजे तेव्हाच्या नाण्यांचे आकडेपण कोरलेत. पैसा या वाटेवर खेळत होता हे नक्की.

पण मला खरं वेड लावलंय ते या वाटेवरच्या बाकीच्या नावांनी. सोपारा, कल्याणला जहाजं लागायची, तिथून माल मुरबाडवरून वैशाखऱ्याला, मग घाट चढून घाटघर, जुन्नर आणि पुढे पैठण. आता पैठणचं संस्कृत नाव प्रतिष्ठान, शाळेत आपण तेच शिकलो, पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने पेरिप्लस नावाचं जे टिपण लिहिलंय त्यात त्याने चक्क पैठाणा लिहिलंय! गुजरातेतल्या भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून गाड्या भरभरून अकीकसारखे दगड यायचे म्हणे. म्हणजे त्याच्या कानावर संस्कृत नाव पडलंच नाही, गाडीवान, हमाल, दलाल जे बोलत होते ते पडलं, आणि आपण आज एसटीच्या पाटीवर जवळपास तेच वाचतो. शूर्पारकचं म्हणजे सोपाऱ्याचं त्याने सुप्पारा केलंय आणि कल्याणचं कल्लिएना. मला तरी वाटतं, नावं राजांमुळे नाही तर या रस्त्यावरच्या लोकांमुळे टिकली.

पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, तिथलं सुती कापड भडोचला जायचं. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. हे नाव मात्र झिजून एवढंसं राहिलंय, पण गावातल्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा, केवढा व्यापार होता ते कळतं.

टोपणनावं नंतरची, आणि तीपण लोकांचीच. घाटाच्या माथ्यावरचा कडा नानाचा अंगठा, जीवधन किल्ल्याला लागून असलेला वानरलिंगी सुळका म्हणजे खडा पारशी, आणि मुंबईत भायखळ्याला उंच खांबावर जो पुतळा आहे त्यालाही खडा पारशीच म्हणतात. घाटघर तर एक नाही, अकोले तालुक्यातपण आहे, तेही असंच घाटमाथ्यावर, कोकणातून चढून आलं की पहिलं गाव.

आता नाणेघाटात गेलात तर रांजणाजवळ फोटो काढाच, पण घाटघरमधल्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांजवळ बसून आजूबाजूच्या पाऊलवाटांची नावंपण विचारा, त्यातली बरीचशी कुठल्याच नकाशावर नाहीत.