आधी कापड सांगा, मग डिझाइन

शिवजयंती जवळ आली की मंडळाची पोरं दुकानात येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, भगवा टी-शर्ट, पाठीवर मंडळाचं नाव, एकाला किती?" मी उलट विचारते, कापड कशाचं? बेळगावची शिवजयंती वैशाखातली, चित्ररथ निघाले की रात्र सरते तरी मिरवणूक सरत नाही. घामाच्या धारा लागतात, म्हणून त्यांना सुतीच हवं असतं. त्यांचं चूक नाही. पण माझ्याकडं होते ती सब्लिमेशनची छपाई, म्हणजे उष्णतेनं रंग कागदावरून कापडात उतरवायचा, आणि तो रंग सुती कापडावर टिकत नाही, आणि हे पैसे घेण्याआधीच सांगायला हवं.

ही छपाई आधी कागदावर होते, आरशात दिसावी तशी उलटी. कागदावर रंग इतके मळकट दिसतात की नवीन गिऱ्हाईक घाबरतं. मग तो कागद कापडावर ठेवून हीट प्रेसमध्ये साधारण २०० अंशांवर पाऊण ते एक मिनिट दाबायचा. शाईतला रंग कापरासारखा, न वितळता थेट वायू होतो. त्याच उष्णतेनं पॉलिस्टरचा धागा आतून सैल होतो, वायू त्यात शिरतो आणि थंड झाल्यावर तिथंच अडकतो. म्हणून हात फिरवला तर छपाई लागत नाही, तिला भेगा पडत नाहीत. कापसात या रंगाला धरून ठेवणारं काहीच नाही, तो धुण्यात निघून जातो. ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के कापूस असं मिश्र कापड असेल तर चित्र फिकट, जुनाट दिसतं. काहींना तेच आवडतं, ते वेगळं.

कपाचंही तसंच. छपाईच्या मगवर पॉलिमरचा थर दिलेला असतो, रंग त्या थरात बसतो. घरातला साधा कप घेऊन आलेल्या मावशींना मी परत पाठवते.

मी बेळगावातल्या वडगावची. आमच्या घरी माग होते, त्यामुळे लेबलापेक्षा माझा काडीपेटीवर जास्त विश्वास. कडेचा एक धागा काढायचा आणि पेटवायचा. कापूस भुरुभुरु जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो, राख बोटात विरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, टोकाला कडक मणी होतो. बाबा तर नुसत्या चिमटीत धरून सांगायचे. शहापूर, वडगाव, खासबागेतल्या मागवाल्या घरांतल्या मुलांनी या धंद्यात यावं असं मला फार वाटतं. मशीन कुणीही विकत घेईल, सूत ओळखणारी बोटं त्यांच्याकडं आहेत.

भगव्या टी-शर्टाचं सांगायचं राहिलं. या शाईत पांढरा रंग नसतो आणि बाकीचे रंग पारदर्शक असतात. म्हणून तयार भगव्या कापडावर पांढरी अक्षरं उमटत नाहीत. पांढरं पॉलिस्टर घ्यायचं, त्यावर सगळा भगवा छापायचा आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची. पूर्ण जर्सी हवी असेल तर पुढचा भाग, पाठ, बाह्या सुट्ट्या छापून मग शिवतो. शिवलेल्या शर्टावर दाबलं तर शिलाईपाशी पांढऱ्या रेघा राहतात. शिवाय उष्णतेनं कापड थोडं आटतं, ते माप कापतानाच धरावं लागतं.

पावसाळ्यात खरी परीक्षा. आपल्याकडं जूनपासून हवाच ओली, कागद आणि कापड दोन्ही दमट होतात. प्रेस खाली दाबली की त्या ओलीची वाफ होते आणि रंगात डाग पडतात, कडा पसरतात. म्हणून कापड आधी काही सेकंद नुसतंच दाबून वाळवून घेते, कागदाचे रोल पिशवीत बांधून ठेवते. इतका वेळ कशाला घालवायचा म्हणणाऱ्यांनी जुलैत खानापूर रस्त्यावर दुकान टाकून बघावं.

डिझाइन पाठवणाऱ्यांना एक विनंती. इकडं एकाच जर्सीवर पुढं कन्नड, मागं मराठी असतं. तुमचा फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर नसेल तर जोडाक्षरं फुटतात, कन्नडची ओत्ताक्षरं, म्हणजे खाली जोडून येणारी अक्षरं, तर भलतीकडंच जातात. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे त्यांचे आकार करूनच, फाइल पाठवा. आणि सुतीच टी-शर्ट हवा असेल तर स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या, चांगलं काम करणाऱ्यांचा पत्ता मी देईन.