फाल्गुनातली टक्

जेवणं आटपलेली असतात. ओटीवर कुणीतरी पेपर तोंडावर घेऊन आडवं झालेलं असतं, आणि माजघरातल्या कपाटावरून आवाज येतो. टक्. पाल नव्हे, उंदीर नव्हे. काचेमागे ठेवलेल्या लाकडी गलबताची नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाकडची, एक फळी सुटून नखाएवढी वर आलेली असते.

श्रावणात, गणपतीच्या आधीच्या ओल्या आठवड्यांत बांधलेलं मॉडेल शिमग्याच्या सुमाराला असं बोलू लागतं. मग सगळे मिळून गोंदाला बोल लावतात. लाकडाला कुणी काही विचारत नाही.

किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत उघडं पडलेलं लाकूड पाणी पीत पीत 18 टक्के ओलाव्याच्या आसपास जातं. माघ-फाल्गुनातल्या कोरड्या दुपारी तेच 11-12 वर उतरतं. लांबीत याचा पत्ताही लागत नाही, कारण लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. आकसतं ते आडवं. 5 मिमी रुंदीची पट्टी जेमतेम 0.1 मिमी कमी होते. पण गलबताच्या एका अंगाला अशा वीस पट्ट्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, म्हणजे दीड-दोन मिमीचा हिशेब कुठेतरी चुकवावा लागतो. तो सगळ्यात कच्चा सांधा चुकवतो.

गंमत म्हणजे बंदरातल्या लाकडी होडीचं नेमकं उलटं असतं. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून बसवलेला असतो, आणि पावसाळाभर शाकारलेल्या झापाखाली सुकलेली होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात ढकलली की आधी थोडी गळते. मग फळ्या फुगतात आणि एकमेकींना दाबून धरतात. समुद्रच तिचा शिकंजा. अरबी समुद्रात तर काथ्याने शिवलेली जहाजं शेकडो वर्षं ये-जा करत होती, गोंदाचा त्यात मोठा वाटा नव्हता. कपाटावरच्या गलबताला मात्र समुद्र मिळत नाही. त्याला बाटलीतल्या पांढऱ्या गोंदावरच दिवस काढायचे असतात.

त्या पांढऱ्याची ओळख सगळ्यांना शाळेतच होते. कार्यानुभवाचा तास, तळहातावर फेविकॉलचा पातळ थर, फुंकर मारून मारून तो वाळवायचा आणि मग कडेने नख घालून सापाची कात निघावी तसा अख्खा सोलायचा. हाताच्या रेषांसकट निघाला तर बाकावर प्रदर्शन. जुलैत मात्र हा खेळ जमत नाही. तास संपतो, थर तसाच दुधाळ आणि बुळबुळीत, शेवटी अर्धा चड्डीला पुसला जातो. गोंदशास्त्राचा पहिला धडा खरं तर तिथेच होऊन गेलेला असतो. फेविकॉल म्हणजे पाण्यात पसरलेले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण. पाणी लाकडात आणि हवेत निघून गेलं की ते कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो, आणि पांढरं पारदर्शक दिसतं. हवाच ओलीचिंब असेल तर पाण्याने जायचं कुठे?

म्हणून पावसाळ्यात काम करायचंच तर लाकूड आधी दोन दिवस कोरड्या कपाटात, बल्बच्या उबेला ठेवावं. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून वाकवलेली पट्टी तर ओली असताना चिकटवूच नये. साच्याला बांधून ठेवावी, एरवी एक रात्र, पावसात दोन. घाईने चिकटवलेली ओली पट्टी पुढे सुकते आणि फट घेऊनच सुकते. गोंद ब्रशने दोन्ही अंगांना पातळ लावावा. दाब दिल्यावर सांध्याच्या रेषेवर मोहरीएवढे थेंब ओळीने दिसले की प्रमाण बरोबर. ओघळ आले तर जास्त झाला, काहीच आलं नाही तर कमी. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायचा मोह सगळ्यांना होतो. तो पातळ होऊन लाकडाच्या रंध्रांत जातो, आणि पॉलिश मारल्यावर तिथे पांढुरका डाग उमटतो. अर्ध्या तासाने, रबरासारखा झाल्यावर, पटाशीच्या कडेने खरवडावा. पकडीसाठी कपड्यांचे चिमटे, रबरबँड, सुतळी, टाचण्या. तळ सपाट हवा असेल तर वर वरवंटा. दाब अर्धा-पाऊण तास, पुरती ताकद चोवीस तासांनी, आषाढात अठ्ठेचाळीस.

पट्टीचं टोक, म्हणजे जिथे लाकडाच्या नळ्या तोंड उघडून असतात, ते गोंद पिऊन टाकतं आणि सांध्यात काही उरत नाही. तिथे आधी पाणी घातलेल्या गोंदाचा एक हात, तो मुरला की दुसरा. सागाची तऱ्हा निराळी. तो तेलकट. चिकटवायच्या आधी लगेच पॉलिशपेपर मारून थिनरने पुसला तरच गोंद धरतो. काल घासून ठेवलेला चालत नाही. कपाटावरच्या मॉडेलला लाकडाचा साधा फेविकॉल पुरे. तळीत सोडायची होडी असेल तर पाण्याला टिकणारा मरीन फेविकॉल. दप्तरातली नळी कागदाची, ती कागदालाच राहू द्यावी.

1959 साली फेविकॉल आला, त्याआधी सुतार सरस वापरत. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवलेला, आणि त्याचा वास चार घरांपलीकडे जायचा. आपल्या हवेत तो ओल धरून सैल पडे. कागदाचं काम मात्र कोकणात कधी अडलं नाही. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पत्त्यांना चिंचोक्याची खळ. पतंगाला भाताची शितं, तीही सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाची. उकड्याचं शीत सुटं सुटं राहतं, पेजेला चांगलं, पतंगाला नाही. खळीत चिमूटभर मोरचूद घातला नाही तर झुरळांची चंगळ. घरातला मोठा माणूस हे सांगायचा आणि लगेच पुढे म्हणायचा, "हात धुवा, विष असता ता."

घाईवाल्यांचं दैवत फेविक्विक. हे रसायन अमेरिकेत 1942 साली बंदुकीच्या नेमीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हाती आलं आणि जिथे तिथे चिकटतं म्हणून टाकून दिलं गेलं. दुकानात यायला 1958 उजाडलं. त्याला वाळायला ओल लागते, म्हणजे कोकण त्याचं माहेरच. इथे ते बोट बाजूला घ्यायच्या आत घट्ट होतं, आणि सांध्याभोवती पांढरी धुरकट बुरशी आल्यासारखे डाग सोडतं. शिवाय ते ठिसूळ. मॉडेल एकदा खाली पडलं की फेविक्विकचे सांधे काचेसारखे तुटतात. पण एका कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही. वळणावरची पट्टी चिमट्याला दाद देत नसेल तर सगळीकडे फेविकॉल लावावा, मध्ये दोन ठिपक्यांपुरती जागा कोरडी सोडून तिथे फेविक्विक टाकावा आणि दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं. ठिपके शिकंज्याचं काम करतात, खरी पकड नंतर फेविकॉल घेतो. सांडलं तर सुती फडक्याने पुसू नये. कापसाशी ते तापतं, चटका बसतो. डोलकाठीच्या दोऱ्यांनाही लावू नये, दोरा काडीसारखा कडक होऊन मोडतो. गाठींना पाणी घातलेला फेविकॉल बरा.

लाकडाला पितळ जोडायचं, किंवा फट राहिलीच आहे आणि ती भरायचीच आहे, तर दोन नळ्यांतला अराल्डाइट. पुठ्ठ्यावर दोन सारख्या लांबीच्या रेघा ओढून मिनिटभर घोटायचं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणाऱ्याचा सांधा जन्मभर चिकट राहतो.

आता ती सुटलेली फळी. फटीत नवा फेविकॉल पिळून रबरबँड लावला की काम झालं असं वाटतं, पण वाळलेल्या फेविकॉलवर नवा नीट धरत नाही. आठवडाभरात पुन्हा टक्. आधीचा पापुद्रा व्हिनेगरच्या बोळ्याने मऊ करून खरवडायचा, कोरं लाकूड दिसेपर्यंत. मग ते सुकू द्यायचं. हवा आत्ता कोरडी आहे, मुहूर्त चांगला आहे. पण फळी नेमकी वळणावरची, चिमटा बसत नाही. म्हणजे दोन ठिपके लागणार.

फ्रीजच्या दारात, आगळाच्या बाटलीमागे, फेविक्विकची नळी असते. एकदाच वापरलेली. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, गार नळीवर हवेतलं पाणी जमतं. अर्धा तास टेबलावर ठेवायची. अर्धा तास ठेवली. टोकाला टाचणी खोचलेली आहे. टाचणी निघत नाही.