सावत्र वडिलांची सही

अमेरिकेतल्या एका खाजगी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात मी काम करते. डिसेंबरातली एक केस अजून डोक्यातून जात नाही. मुलगी बारावीत, घटस्फोटित आईकडे राहणारी. आई मराठी, नोव्हेंबर २०२५ मध्ये तिनं दुसरं लग्न केलं आणि फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा फॉर्म, त्यानंतर भरायला घेतला.

आधी ठरवायचं, फॉर्मवर पालक कोण? मूल जास्त रात्री कोणाकडे राहतं हा निकष २०२४-२५ पासून गेला, तरी लोक अजून रात्रीच मोजत बसतात. आता मागच्या बारा महिन्यांत मुलावर जास्त खर्च कोणी केला ते बघतात. टॅक्स रिटर्नवर मूल कोणी दाखवलं याच्याशी संबंध नाही. घरभाडं, किराणा, आरोग्य विमा, दातांचं बिल, गाडीचा विमा, फोन, सगळं कागदावर मांडलं. आईचं पारडं जड निघालं.

घोळ पुढे झाला. वैवाहिक स्थिती धरतात ती फॉर्मवर सही करण्याच्या दिवसाची, उत्पन्न मात्र जुनं: २०२६-२७ साठी २०२४ चं. त्या वर्षी या दोघांचं लग्नच झालेलं नव्हतं, रिटर्न वेगवेगळे. त्यामुळे सावत्र वडिलांनी फाफ्साच्या वेबसाइटवर स्वतःचं खातं उघडायचं, कराची माहिती घ्यायला संमती द्यायची, वर सहीही करायची. जॉइंट रिटर्न असता तर आईच्या सहीवर भागलं असतं. संमती नसेल तर सरकारी मदत पूर्ण बंद.

आई म्हणाली, "अहो ताई, पण ते कशाला फी भरतील? लग्नाआधी आम्ही तसं लिहूनच घेतलंय."

तो करार फाफ्साला चालत नाही. माणूस फी भरणार की नाही हे फॉर्म विचारतच नाही, त्याचं उत्पन्न तेवढं मोजतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते आईला सांगताना जीभ जड होते. सही केली की फी गळ्यात पडेल, ही सावत्र वडिलांची भीती मात्र निराधार होती. संमती फक्त माहितीची असते.

आणखी एक जागा हमखास चुकते. घरातल्या माणसांचा आकडा आईच्या जुन्या रिटर्नवरून 'दोन' आला होता. नवरा आणि तो सांभाळत असलेला त्याचा मुलगा धरून चार. हा आकडा हातानं बदलावा लागतो, नाहीतर दोघांची कमाई दोनच माणसांत मोजली जाते. तो बदलला, तरीही पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत, गेलीच. कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठी आम्ही जो वेगळा फॉर्म मागतो, त्या सीएसएस प्रोफाइलमध्ये तर जन्मदात्या वडिलांचंही उत्पन्न लागतं.

नोकरी गेली, दवाखान्याचा मोठा खर्च झाला, तर कागदपत्रं बघून आमचं ऑफिस आकडे बदलू शकतं. पालक पैसे देत नाहीत, हे कारण चालत नाही.

फॉर्म ऑक्टोबरात खुला होता. तेव्हा सही झाली असती तर 'घटस्फोटित' हेच खरं उत्तर होतं आणि नंतरच्या लग्नामुळे ते बदलावं लागलं नसतं. अर्थात फॉर्म दरवर्षी भरायचा असतो, म्हणजे सुटलं असतं ते पहिलंच वर्ष. पण पहिल्या वर्षाच्या आकड्यावरच मुलं कॉलेज निवडतात, आणि माहितीसत्रात आम्ही लग्नाच्या तारखेबद्दल चकार शब्द काढत नाही. या मुलीच्या हाती सरकारकडून उरलं ते पहिल्या वर्षाचं ५,५०० डॉलरपर्यंतचं कर्ज. प्रवेश घ्यायचा की नाही, हे तिनं अजून कळवलेलं नाही.